नऊ शिट्ट्या आणि टाळूची पत्ती

लायल पेंगेलीने आपली कातड्याची पिशवी मार्वाच्या स्वयंपाकघरातील टेबलावर उपडी केली आणि तिच्यातून एकामागून एक नऊ शिट्ट्या बाहेर पडल्या.

ऑरिन ट्वाइटने त्या मोजल्या. मोजण्याचे काही प्रयोजन नव्हते. परंतु गेल्या तीन आठवड्यांपासून त्याचे मन या जुन्या मित्राच्या प्रत्येक कृतीकडे तिरक्या नजरेने पाहू लागले होते. एकतीस शरद ऋतू ही दोन माणसे बिटररूट पर्वताच्या अरण्यात एल्क या मोठ्या शिंगांच्या हरणाच्या मागावर बरोबर हिंडली होती. त्या एकतीस वर्षांत लायलने एल्कला साद घालण्यासाठी टाळूला चिकटवायची एक इवलीशी रबरी पत्ती आणि तिचा आवाज घुमवणारा एक पोकळ नळा, यांखेरीज तिसरी वस्तू जवळ बाळगली नव्हती. दुकानातून शिट्ट्या आणणाऱ्यांची तो मनमुराद टर उडवीत असे. त्याच माणसाने आज टेबलावर रबरी फुग्याची शिट्टी मांडली, लाकडाची मांडली, पितळी जिभेची मांडली, भात्यासारखी दाबायची मांडली, आणि तो त्यांना आकारानुसार ओळीने लावू लागला.

"दुकान लुटलंस की काय रे?" ऑरिनने विचारले.

"यंदाचे नर शहाणे झालेत, गड्या. एकाच सादेला भुलायचे नाहीत."

"शहाणे झालेत हे तुला कुणी सांगितलं? आपण तर अजून पाऊलही टाकलं नाही खोऱ्यात."

बोलताना हल्ली लायलच्या तोंडातून मध्येच 'टक्' असा बारीक आवाज येई. ऑरिनला तो खोटे बोलणाऱ्या माणसाचा अडखळा वाटे.

"दरवर्षीच शहाणे होतात की," लायल म्हणाला.

"आणि पत्ती?"

"आहे खिशात. जरा ताणली गेलीय उन्हानं. तू नको काळजी करू."

ऑरिनच्या पत्नीने, मार्वाने, दोघांसमोर बशा ठेवल्या. मांस आणि बटाटा भरलेल्या, तळहाताएवढ्या भाजलेल्या करंज्या. लायलच्या आजोबांनी कॉर्नवॉलहून खाणीच्या कामाला येताना आणलेले हे अन्न, आणि मार्वा ते शिकली होती लायलच्या दिवंगत पत्नीकडून. करंजीची जाड, खरपूस कड लायल नेहमी प्रथम खात असे. तिच्यासाठी त्याने एकदा ऑरिनच्या बशीवरही हात मारला होता. आज त्याने चमच्याने आतले सारण तेवढे उकरून खाल्ले आणि कड तशीच ठेवून तो उठला.

"का रे? बिघडली का?" मार्वाने विचारले.

"पोट बरं नाहीये, वहिनी. उद्या पहाटे चारला येतो." आणि तो गेला.

दार बंद होताच मार्वा म्हणाली, "परवा मक्याचं कणीससुद्धा चाकूनं खरवडून खाल्लं त्यानं. काहीतरी आहे."

"आहेच," ऑरिन म्हणाला. "माझ्या घरचं अन्न त्याच्या घशाखाली उतरत नाही, असं आहे."

"मग सरळ विचार ना त्याला."

"विचारलं तर तो नाही म्हणेल. मग तो खोटं बोलतोय हे मला नक्की कळेल. त्यानंतर मी काय करू, मार्वा?"

या संशयाचे मूळ केटल ओढ्याच्या खोऱ्यात होते. त्या खोऱ्यात वर्षाला केवळ चार नर मारण्याची अनुमती मिळते, आणि ते चार परवाने सोडतीने दिले जातात. एकोणीस वसंत ऋतू ऑरिन आणि लायल यांनी एकाच दिवशी आपापले अर्ज पाठविले होते. या वर्षी त्यांपैकी एकाचे नाव निघाले, आणि ते ऑरिनचे होते. लायलने त्या दिवशी त्याचा हात हातात घेऊन भरभरून अभिनंदन केले. परंतु बिअरची बाटली अर्धी ठेवून तो लवकर घरी गेला, ही गोष्ट ऑरिनच्या स्मरणात राहिली. ऑरिनचे वय एकसष्ट होते. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी हिवाळ्यात ठरविली होती, आणि त्यानंतर त्या चढणीवर त्याचे पाऊल पडणार नाही, हे तो जाणून होता. सोडतीने दिलेला हा एकच शरद ऋतू त्याच्यापाशी होता.

शिकार धनुष्यबाणाची. बाणाने मारायचे तर एल्क तीस पावलांच्या आत यावा लागतो, आणि तो येतो सादेला. आपले धनुष्य ओढून बसलेला माणूस साद देऊ शकत नाही. ते काम त्याच्या मागे लपलेल्या दुसऱ्याचे. मादीची मऊ, लाडिक साद, किंवा खर्जातून निघून बारीक शिळेपर्यंत चढणारा आणि शेवटी दोन-तीन खोकल्यांत मोडणारा नराचा हुंकार, या दोन्ही कलांत लायलसारखा माणूस त्या परिसरात दुसरा नव्हता. ऑरिनचा परवाना एका अर्थी लायलच्या मुखात होता.

आणि ऑगस्टच्या अखेरीस टपाल वाटणारा ओडेल ऑरिनच्या फाटकाशी थांबून सहज म्हणाला होता, "लायलची हिरवी पिकअप बघतो मी केटल ओढ्याच्या तोंडाशी. बारा वेळा झाली. मी मोजतो, त्या रस्त्यावर मोजायला दुसरं आहेच काय?"

हंगामापूर्वी दुसऱ्याच्या खोऱ्यात जाऊन साद देणे हे या लोकांत चोरीहून हीन मानले जाते. चोर वस्तू नेतो. असा माणूस रानाचा विश्वास नेतो. ऑगस्टमध्ये एकदा फसलेला नर सप्टेंबरमध्ये तोंड उघडत नाही. हे ऑरिनला ज्याने शिकविले, तो लायलच होता.

*

पहिल्या पहाटे खोरे स्वच्छ आणि शांत होते. फर वृक्षांच्या कडेने कुरणावर दवाचे पांढरे आवरण पडले होते. सप्टेंबरच्या अशा पहाटे चहूबाजूंनी माजावर आलेल्या नरांचे हुंकार उठावेत, इतके की माणसाने भांबावून जावे. लायलने रबरी फुगा दाबला. मादीची साद उत्तम उमटली. ऑरिनला तीत दोष काढता आला नाही. दूर वरच्या कड्याखालून एका मोठ्या नराने एकच हुंकार दिला, आणि मग तो गप्प झाला. अर्ध्या तासाने ऑरिनला तो दिसला: कुरणाच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जेथे माणसाचा वास पोहोचतो तेथे, मान उंचावून उभा. शिंगांना सात-सात शाखा. त्याने सादेच्या दिशेने बराच वेळ पाहिले, जणू परिचित भामट्याला दुरून न्याहाळावे. आणि मग मंद पावलांनी तो झाडीत नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी लाकडी शिट्टी झाली, भाता झाला. नर बोललाच नाही. लायलने ऑरिनला एका उन्मळलेल्या झाडामागे बसविले होते. नर त्याच्या पाठीमागून वळसा घालून गेल्याचे ओल्या मातीतील खुरांवरून नंतर कळले.

"तू मला नेमका चुकीच्या बाजूला बसवलंस," ऑरिन म्हणाला.

"वारा फिरला रे. मी काय वाऱ्याला बांधून ठेवू?"

"तू कधी चुकत नव्हतास वाऱ्याच्या बाबतीत."

"म्हातारा झालो." टक्.

"आणि ती पत्ती का नाही काढत बाहेर?"

"काढीन म्हटलं ना! ऐन वेळी काढीन. तुला बाण सोडायचा आहे, तू बाणाचं बघ."

त्या संध्याकाळी तंबूपाशी लायलने सूप केले आणि तोंड दुसरीकडे फिरवून प्याला. ऑरिन वाळवलेल्या मांसाची पट्टी चावत त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. एकतीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या एल्कच्या जबड्यातील दोन हस्तिदंती दातांपैकी एक ऑरिनच्या गळ्यातील दोरीत होता आणि दुसरा लायलच्या घड्याळाच्या साखळीला. एल्कच्या वरच्या जबड्यात असे दोनच दात असतात; एक मारणाऱ्याचा, एक साद देणाऱ्याचा, अशी या दोघांची रीत होती. लायलने साखळी आणलेली नाही, हे ऑरिनच्या त्याच वेळी लक्षात आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पितळी जिभेच्या शिट्टीने एक हडकुळा, दोन वर्षांचा नर तेवढा धावत आला आणि बावरून पळाला. दुपारी लायल तंबूत पडला असता ऑरिन एकटाच वरच्या लोळणीकडे गेला. नर जेथे अंग चिखलाने माखून घेतात ते काळे डबके. त्याच्या काठी, एका आडव्या ओंडक्यामागे गवत दबून पिवळे पडले होते. तेथे कोणी एकदा नव्हे, अनेकदा बसले होते. वाळून दगड झालेल्या चिखलात बुटाचा ठसा होता, आणि त्या ठशाच्या डाव्या टाचेला त्रिकोणी खाच होती. ती खाच कशी पडली हे ऑरिनला सांगण्याची आवश्यकता नव्हती. लायलची कुऱ्हाड घसरली तेव्हा तो शेजारीच उभा होता. गवतात खोकल्याच्या गोळ्यांचे कागद पडले होते, पावसाने रंग उडालेले.

त्याने ते कागद एकेक करून उचलले. त्याच्या मनातील राग आश्चर्यकारकरीत्या थंड होता.

*

लायल चुलीपाशी पळी फिरवीत होता. ऑरिनने ते कागद त्याच्या रिकाम्या ताटलीत ठेवले.

"तुझे आहेत. घे."

लायलने पळी खाली ठेवली. "कुठं मिळाले?"

"जिथं टाकलेस तिथं. आणि ते या आठवड्यातले नाहीत, तेव्हा ती कथा सांगू नकोस. ऑगस्टात पाऊस एकदाच झाला, तो यांच्यावर पडलाय."

"ऑरिन—"

"कुणाला घेऊन आला होतास? कुठल्या पैसेवाल्या पाहुण्याला दाखवलंस माझं खोरं?"

"पाहुणा?" लायलला हसू आले असते, इतका तो चकित झाला. "मी? पाहुणे घेऊन फिरतो मी?"

"मग पाहुणा नसेल तर कारण मी आहे. सोडतीत माझं नाव निघालं म्हणून तू रान मुकं करून ठेवलंस. माझा बाण चालू नये म्हणून नऊ खेळणी घेऊन आलास. तीन दिवस मला गाढवासारखं उन्हात बसवलंस. एवढं पोटात होतं तर अर्ज करतानाच सांगायचं होतंस, लायल. मी पाठवलाच नसता."

लायलने चुलीकडे तोंड फिरवले, हात मुखाशी नेला, आणि मग वळून ताटलीत, त्या कागदांच्या शेजारी, एक वस्तू ठेवली. ती वरच्या दातांची संपूर्ण कवळी होती.

ऑरिनने मान वर केली. समोरचा माणूस दहा वर्षांनी वृद्ध झाला होता. वरचा ओठ आत गेला होता, गाल बसले होते, आणि डोळे तेवढे पूर्वीचे राहिले होते.

"मे महिन्यात काढले," लायल म्हणाला. शब्दांतून वारा निसटत होता. "सगळे वरचे. हाड सडलं होतं म्हणे. पत्ती टाळूच्या मांसाला धरते रे. प्लास्टिकला नाही धरत. घसरते. एकदा गिळली असती."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? एकोणीस वर्षांनी तुझं नाव निघालं, आणि साद देणारा बोळका झाला, असं? तू दुसरा कुणी शोधला असतास."

ऑरिनने खोटे बोलण्याचा क्षणभर विचार केला. "शोधला असता," तो म्हणाला.

"बघ."

चुलीवरचे सूप उतू जाऊ लागले. कोणी ते काढले नाही.

"म्हणून शिट्ट्या घेतल्या," लायल सांगू लागला. "घरी सगळ्या वाजवून बघितल्या. सगळ्या छान वाजतात. पण मला छान वाटून काय करायचं? कानांत माझ्या कापूस भरल्यासारखं झालंय. कुठली खरी वाटते ते एल्कला विचारल्याशिवाय कळणार कसं? म्हणून इथं येऊन विचारलं. पहिले तीन-चार दिवस तो मोठा उत्तर देत होता. मग ओळखायला लागला. मला कळत होतं मी काय करतोय ते. रोज म्हणायचो, आज शेवटची. पुन्हा दुसऱ्या दिवशी नवी शिट्टी घेऊन हजर. पत्त्यांत हरणाऱ्यासारखं. अकरा वेळा आलो, ऑरिन. अकराव्या वेळी रान असं गप्प झालं की मला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला."

अकरा. ऑरिनच्या मनात तो आकडा अडकला. ओडेल बारा म्हणाला होता, आणि ओडेल मोजण्यात चुकणारा मनुष्य नव्हता. कवळी समोर होती, दुःख खरे दिसत होते. तरीही संशय हा असा पाहुणा आहे की त्याला दार दाखविले तरी तो ओसरीवर बसून राहतो. अकराच का? आणि दात गेले म्हणून कला गेली, हे तरी खरे कशावरून?

"काढलीच आहेस कवळी, तर पत्ती लाव," तो म्हणाला.

"हिरड्यांवर?"

"टाळू आहे ना अजून? की तोही काढून दिलास?"

"जुलैत केलं होतं एकदा. जखमा ओल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं. आणि आवाज असा निघाला की कुत्रा पलंगाखाली गेला."

"मी कुत्रा नाही. वाजव."

लायलने खिशातून पत्ती काढली. ऑरिनकडे पाठ करून, एखादी स्त्री वस्त्र सावरते तशा संकोचाने, त्याने ती तोंडात बसविली. प्रथम नुसताच फुसका वारा निघाला. मग एक साद आली.

ती सुंदर नव्हती. तीत फाटलेपण होते, मधेच एक घरघर होती, आणि शेवट असा खाली कोसळत होता की जणू आवाजालाच चालवेना. ऑरिनच्या मानेवरचे केस उभे राहिले. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी याच खोऱ्यात एका कळपाच्या पुढे एक राखाडी, झिजल्या दातांची म्हातारी मादी चालत असे. ती अशीच बोलत असे. ती बोलली की तरुण माद्या वळत, पिले वळत, आणि तोऱ्याने मिरवणारे नरही निमूटपणे मागे जात. गुळगुळीत, लाडिक सादा या खोऱ्याने गेल्या महिन्यात पुष्कळ ऐकल्या होत्या. ही ऐकली नव्हती.

"हसायचं तर हस," लायल पाठमोराच म्हणाला.

"पुन्हा वाजव," ऑरिन म्हणाला.

*

चौथ्या पहाटे हवा डोंगरावरून खाली वाहत होती. लायल वर, झाडीच्या आत ऐंशी पावलांवर गेला. ऑरिनला त्याने उताराच्या खालच्या अंगाला, वाऱ्याच्या रेषेपासून थोडे बाजूला, एका फरच्या बुंध्याशी बसविले. साद ऐकून नर सरळ येणार नाही. तो खालून वळसा घेऊन वास घ्यायला जाईल आणि जाताना ऑरिनच्या समोरून जाईल, असा त्याचा हिशेब होता.

"मी तीनदा बोलेन," जाण्यापूर्वी तो म्हणाला. "मग गप्प. तू किती वेळ झाला ते बघू नकोस. तो मुकाट्यानं येईल. उठू नकोस, ऑरिन. गुडघा दुखला तरी."

"आणि तू?"

"मी कुठं जातोय? दात तर तुझ्या तंबूत राहिलेत."

तीन सादा झाल्या. तिसरीचा शेवट झाडीत विरला आणि त्यानंतर काही नाही. दहा मिनिटे गेली असतील, वीस गेली असतील. दवाने पॅंट भिजली, गुडघ्यात कळ उठली, आणि त्या कळेबरोबर मनातला तो ओसरीवरचा पाहुणा उठून उभा राहिला. अकरा की बारा? बाराव्या दिवशी हा मनुष्य येथे काय करीत होता? कदाचित वरच्या बाजूला आता कोणीच नसेल. कदाचित तो उतरून पिकअपपाशी गेला असेल, आणि आपण येथे संध्याकाळपर्यंत झाडाशी झाड होऊन बसू. पुन्हा एक साद द्यायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशीही त्याने असेच बसविले होते. फक्त उभे राहून मागे पाहायचे, एवढेच. ऑरिनने बुंध्यावर हात टेकला.

तो उठला नाही. का उठला नाही हे त्याला पुढेही नीट सांगता आले नाही. एवढे खरे, की लायलने ती कवळी ताटलीत ठेवताना तिचा जो बारीक आवाज झाला होता, तो त्याला आठवला, आणि बुंध्यावरचा हात त्याने परत मांडीवर आणला.

समोर डाव्या हाताला एक निळा पक्षी कर्कश ओरडला आणि थांबला. फरच्या दोन खोडांमध्ये काहीतरी होते, जे क्षणापूर्वी नव्हते. प्रथम शिंगांची टोके दिसली, हस्तिदंतासारखी पांढरी. मग एक डोळा. नर उभा होता; तोही ऐकत होता, तोही संशयात होता. ऑरिनने धनुष्य ओढले आणि धरून ठेवले. खांदे थरथरू लागले. नराचे पाऊल उचलेना. या दोघांच्या अविश्वासामध्ये बावीस पावलांचे गवत होते.

तेव्हा वरून, अगदी हळू, न ठरविलेली चौथी साद आली. साद कसली, थकलेल्या म्हातारीने स्वतःशी पुटपुटावे तसा अर्धा स्वर. नराचे कान वळले. त्याने एक पाऊल पुढे टाकले, मग दुसरे, आणि त्याची विस्तीर्ण बाजू उजेडात आली.

बाण सुटल्याचे ऑरिनला कळले ते हात रिकामा झाल्यावर. नर साठ पावले धावला, थांबला, आणि कुरणाच्या कडेला गुडघे टेकून आडवा झाला.

*

ऑरिनने टोपी काढली आणि काही काळ त्या प्राण्याच्या मस्तकाशी उभा राहिला. मग नियमाप्रमाणे परवान्यावरील महिना आणि तारीख चाकूने कापून तो त्याने शिंगाला बांधला. लायल झाडीतून खाली आला. त्याची हनुवटी लाळेने ओली होती आणि हिरडीतून थोडे रक्त आले होते.

"चौथी कशी दिलीस?" ऑरिनने विचारले. "तीनच म्हणाला होतास."

"तो उभा राहिलेला दिसला. तुझे खांदे दिसले. म्हटलं, याचं धनुष्य आता खाली येतंय."

त्या दोघांनी काम सुरू केले. कातडे सोलून मांसाचे चार भाग पांढऱ्या पिशव्यांत भरून सावलीत टांगेपर्यंत दोन तास गेले. शेवटी ऑरिनने जबडा उघडून चाकूच्या टोकाने ते दोन दात सोडविले, गवताने पुसले, आणि तळहातावर घेतले. बदामाएवढे, मुळाशी तपकिरी. रीतीप्रमाणे एक उचलून द्यावयाचा. पण त्याची मूठ मिटली.

"लायल, एक विचारू?"

"विचार. सकाळपासून तुझ्या तोंडावर आहे ते."

"तू अकरा म्हणालास. ओडेलनं बारा मोजलेत."

लायलने बुटाच्या खाच पडलेल्या टाचेने जमीन उकरली.

"बाराव्या दिवशी शिट्ट्या घरीच होत्या," तो म्हणाला. "साखळीचा तो दात घेऊन आलो होतो. लोळणीत टाकला. माझी आजी ओढ्यात नाणं टाकायची तसा. रान मुकं केलं होतं ना मी. म्हटलं, काहीतरी परत द्यावं. मग बसलो संध्याकाळपर्यंत. ऐकू काहीच आलं नाही. हे सांगितलं असतं तर तू हसला असतास."

"हसलो असतो," ऑरिन म्हणाला.

पण तो हसला नाही. त्याने लायलचा हात पुढे ओढला आणि दोन्ही दात त्याच्या तळव्यावर ठेवले.

"अरे, एक तुझा."

"माझ्या तोंडात पुष्कळ आहेत. तुझ्या वरच्या बाजूला खरे असे दोन तरी असू देत."

लायल आपल्या बोळक्या तोंडाने मोठ्याने हसला, इतका की वरच्या फांदीवरचा निळा पक्षी उडून गेला. "दंतवैद्याला म्हणतो, कवळीत बसवून दे!"

"म्हण. आणि तंबूत गेल्यावर आधी ती कवळी घाल," ऑरिन मांसाची पहिली पिशवी पाठीवर घेत म्हणाला. "मार्वानं त्या जाड कडेच्या करंज्या बांधून दिल्यात, सुपात भिजवून खा. चार दिवस तुला दिल्या नाहीत मी."

"का रे?"

"संशय होता," ऑरिन म्हणाला आणि एक गुडघा जपत उताराला लागला.